ओढ्यापल्याड पोचणारी लेन्स

संतपूर, २ डिसेंबर २०२४

प्रिय शिवराज यास,
स. न. वि. वि.

पत्र बघून हसशील. हसून घे. फोनवर मला धड बोलता येत नाही, हे तू शाळेपासून जाणतोस.

आईच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटल्यावर तिनं आधी देवापुढचा दिवा पाहिला, मग मला बघून लई काळा पडलास म्हणाली. आणि मग, महादेवीला बघायचंय म्हणाली. अक्काचं नाव तिनं किती वर्षांनी तोंडात घेतलं.

तुला ठाऊक आहे, अप्पा गेले तेव्हा आईनं आम्हाला अक्कासाठी थांबू दिलं नाही. ती माहेरी पोचली तेव्हा चिता विझत आली होती. या घरचा उंबरा ओलांडणार न्हाई, असं अक्का त्या दिवशी म्हणाली. तुझ्या दारी मीबी यायची न्हाई, असं आई म्हणाली. दोघींनी आजवर शब्द पाळलाय.

यंदा अक्काच्या मालकांनी आमच्या ओढ्यापल्याडचं शेत बटईनं घेतलंय. येळवशीच्या अमावस्येला सगळे शेतातच पूजा करून जेवतात, तेव्हा ती तिथं असणार. आमचा पोरगा पप्पू पुण्याला जाताना कॅमेरा घरी ठेवून गेला, पण त्यातून पल्याडचं माणूस मुंगीएवढं येतं. अक्काचा चेहरा नीट येईल अशी लेन्स सुचव. फोटो मोठा करून आईच्या हातात देईन.

वहिनींना नमस्कार. आपली माया आहे तशी राहू दे.

तुझा
श्रीपतराव

कलबुर्गी, ८ डिसेंबर २०२४

प्रिय श्रीपत यास,
स. न. वि. वि.

पत्र स्टुडिओत आलं. माझ्या पोरीनं ते पाकीट जुन्या काळचं म्हणून काचेखाली ठेवलंय. तुलाही तिथंच ठेवू म्हणते.

आता कामाचं. पंचावन्न-अडीचशेची लेन्स हलकी, हातात धरून चालते, किंमतही झेपण्यासारखी. पण तुझ्या अंतरावर तिच्यात अक्का येतील, अक्कांचा चेहरा येणार नाही. दीडशे-सहाशेची पोचेल. ती लेकरासारखी जड असते, स्टँडशिवाय हलते, आणि एका फोटोसाठी विकत घेणं शहाणपणाचं नाही. माझ्याकडची घे. आमचा सुनीलकुमार लग्नाच्या ऑर्डरला औरादला जायलाय, तो देईल. तुझ्या कॅमेऱ्याला बसते का ते बघायला हवं, त्यावरचं नाव कळव. तिची एक खोड आहे. लांबचं स्पष्ट दाखवते, पण माणूस आठ-नऊ फुटांच्या आत आलं की काही केल्या स्पष्ट होत नाही.

दुसरं, रागावू नकोस. बाईमाणसाचा फोटो न सांगता काढणं मला पटत नाही, मग ती बहीण का असेना. आणि ओढ्यापल्याड म्हणजे हाकेच्या अंतरावर. येळवशीला तर वाटसरूलाही हाक मारून जेवायला बसवतात. मग बहिणीला कामून मारत नाहीस?

आईंच्या डोळ्यांना धुरापासून जप. आठवण ठेवतोस, तशीच ठेव.

तुझाच
शिवराज

संतपूर, १५ डिसेंबर २०२४

प्रिय शिवराज,
स. न. वि. वि.

कॅमेऱ्यावरचं नाव सोबतच्या चिठ्ठीत उतरवलंय.

हाकेचं म्हणशील तर, मी हाक मारली आणि अक्का आली नाही, तर ते आईच्या देखत होईल. आई दरसाल शेतातल्या कडब्याच्या कोपीत येऊन बसते. नवा डोळा घेऊन तिनं आधी तेच बघावं, हे मला नको. फोटो काही नकार देत नाही.

तुझं न सांगता काढण्याचं बोलणं मात्र मनात राहिलं. म्हणून झाडाआड लपणार नाही. बांधावर उघडा उभा राहीन. बघितलं तर बघू दे. बाकी देवाच्या मनात असेल तसं.

तुम्हा सगळ्यांचा लोभ मागणारा,
श्रीपतराव

संतपूर, ३ जानेवारी २०२५

प्रिय शिवराज यास,
स. न. वि. वि.

लेन्स पुसून, कापडात गुंडाळून सुनीलकुमारकडे दिली आहे. पोचल्याचं कळव.

येळवशीला पाच पांडवांची पूजा झाली, आई कोपीत कडब्याला टेकून बसली. मी न जेवताच बांधावर स्टँड लावला. अक्का पल्याड पंगतीला पालेभाज्यांची भज्जी वाढत होती. तिनं मला बघितलं. मी डोळा कॅमेऱ्याला लावून होतो, तेवढ्यात हाक आली, जेवलास का. येळवशीला उपाशी माणूस नजरेला पडला की हाक मारावीच लागते, मग तो कुणी का असेना. मी मानेनंच नाही म्हटलं. मग ती आंबिलीचा लोटा घेऊन ओढ्यात उतरली.

ओढ्याच्या मध्यावर असताना एक फोटो निघाला. पुढं ती जवळ जवळ येत गेली आणि मला दिसेनाशी झाली. मी रिंग फिरवतोय, फिरवतोय, नुसता धूर. तू सांगितलेली लेन्सची खोड आठवली आणि मान वर केली, तर ती समोर. तोफ लावून काय बघायलास, म्हणाली. मी आईचा डोळा सांगितला, आईचं मागणं सांगितलं. तिनं कोपीकडं बघितलं. मग म्हणाली, कोपीला उंबरा नसतो. आणि आत गेली.

आत मी गेलो नाही. आईचा आवाज ऐकू आला. तुझे केस पिकले की गं, म्हणत होती. अक्का म्हणाली, तुला आत्ता दिसले व्हय.

दोघींचा फोटो नाही. पप्पूची लहान लेन्स घरी राहिली होती. ओढ्यातला तेवढा मोठा करून आईला दिला. तिनं तो बराच वेळ पाहिला आणि एवढंच म्हणाली की पाण्यात अनवाणीच उतरली बघ.

अक्का घरी येते म्हणाली नाही. आईही तिकडं जाते म्हणत नाही. येळवस झाली की आम्ही कोपी मोडून कडबा बैलांना घालतो. यंदा आई मोडू देत नाही. रोज दुपारी गाडी जुंपायला लावते आणि तिथं ओढ्याकडं तोंड करून बसते.

घरी सर्वांना नमस्कार. तुझ्या लोभातलाच,
श्रीपतराव