फाटलेला आवाज

लोहारा, मंगळवार, दिवेलागण

समोरचे साऊंडवाले सलीमभाई लग्नाचे स्पीकर तपासत होते. म्हटलं, माझ्या मोबाईलवरचं हे इंग्रजी ग्रंज रॉक गाणं लावा की एकदा. आधी गाणाऱ्याचं नुसतं पुटपुटणं. मग गिटार आणि ती किंकाळी एकदम अंगावर आली, तसं त्यांनी घाईनं बंद केलं. "आवाज फाटतोय सर. स्पीकरचा पडदा गेला वाटतं." जाळी काढून त्यांनी बोटांनी पडदा हळूच चाचपला. "धड हाय की. मग हा माणूसच असा गातो व्हय?"

व्हय म्हणालो. त्या फाटण्यासाठीच ऐकतो, हे कुणाला सांगू? गोड गळ्याची गाणी मला परकीच वाटतात.

खोलीवर आलो, इयरफोन घातले. पण डोळ्यांपुढं सलीमभाईंची ती बोटंच. आवाज फाटला तर स्पीकरला निदान कुणी हात लावून बघतं.