चार डझन अंडी आणि शनिवारचा पाऊस

ओतेइरो, रविवार संध्याकाळ

प्रिय ओबदुलियाताईस, म्हणजेच संत क्लारेच्या मठातल्या आदरणीय सिस्टर ओबदुलियांना,

धाकट्या लिसार्दोचा जाळीपलीकडून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? या आठवड्यात हवेत ओल फार आहे, तेव्हा ते दुखत असणार, हे विचारण्याआधीच मला ठाऊक आहे. (एकतीस वर्षं रेडिओवर हवामान वाचणाऱ्या माणसाला बहिणीच्या गुडघ्यांची खबर पोस्टाने कळावी लागत नाही.) मठातल्या बाकीच्या सिस्टर्सना माझा नमस्कार सांग. माझी तब्येत ठीक आहे. काल अंगावरचा कोट तीनदा पिळावा लागला, त्यामुळे जरा शिंका येतात, एवढंच.

तुला मठाबाहेर पाऊल टाकता येत नाही, म्हणून तुझ्या भाचीचं, माझ्या सबेलाचं, लग्न कसं झालं ते सविस्तर कळवणं माझं कर्तव्य आहे. हे पत्र फक्त त्यासाठीच आहे. दुसरा काही हेतू मनात आणू नकोस.

लग्नाच्या दिवशी पाऊस पडू नये म्हणून तुमच्याकडे अंडी आणून देतात, हे तुला मी काय सांगणार! तुम्ही भिंतीतलं ते लाकडी कपाट गोल फिरवता, अंडी आत जातात, बाहेर कुणाचं तोंड दिसत नाही, आणि मंडळी निश्चिंत होऊन घरी जातात. आमच्या विहीणबाई कासिल्दा यांनी सबेलाच्या लग्नासाठी एक सोडून चार डझन अंडी दिली आणि तेव्हापासून देव पाण्यात घालून बसल्या. त्यांचा मुलगा ब्राईस गुणी आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जेवणावळ घालायची ठरली ती त्यांच्या घरामागच्या कुरणात, उघड्यावर, एकशेचाळीस पानं. मी महिनाभर सांगत होतो, ऑक्टोबर आहे, मांडव घाला. त्यावर विहीणबाईंचं उत्तर मी शब्दशः देतो. "अंडी दिल्यावर वर मांडव घालायचा? म्हणजे संत क्लारेच्या तोंडावर सांगायचं की बाई, तुझा भरवसा नाही? उद्या ती रागावली तर तुमचा तो रेडिओ येणार आहे का आवरायला?" सगळ्या गावाने मान डोलावली. आपल्या गावात माझ्यावर कुणाचा विश्वास नाही असं नाही गं. चेस्टनट वेचायचे कधी, गवत कापायचं कधी, गाई वरच्या रानातून खाली आणायच्या कधी, हे सगळे मलाच विचारतात. पण माझा अंदाज चुकला की बेकरीतली बाई लोकांसमोर मला झापते. तुमचा चुकला तर तुमच्या दारात येऊन आजवर कुणी एक अंडं तरी परत मागितलंय का?

शुक्रवारी दुपारी दीड वाजता मी नेहमीप्रमाणे वीकएंडचा अंदाज वाचला. शनिवारी सकाळी ढगाळ, बाराच्या सुमारास पश्चिमेकडून पाऊस, दुपारी जोर वाढेल. रविवारी अधूनमधून सरी. सोमवारी स्वच्छ ऊन. (सोमवारी कुणाचंच लग्न नाही.) वाचताना माझा आवाज कापला असं लोक म्हणतात, ते खोटं आहे. मी घरी पोहोचेपर्यंत विहीणबाई दारात उभ्या होत्या. मी सुनेचा बाप असून अपशकुन करतो, मला हे लग्नच नको होतं, मी मुद्दाम मोठ्या आवाजात वाचलं, असं बरंच काही बोलल्या. मी टोपी काढून ऐकून घेतलं. पश्चिमेकडचे ढग माझ्या मर्जीने चालत नाहीत, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

त्या गेल्यावर सबेला आत आली. तंबूवाल्या फुकोने तिला संध्याकाळी सहापर्यंतची मुदत दिली होती. मांडव हवा की नको ते तिनेच सांगायचं होतं. मला वाटलं, ती मांडवाचं विचारणार. तिने विचारलं ते वेगळंच. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली, केसांना उद्यासाठी पिना लावलेल्या, आणि म्हणाली, "बाबा, रेडिओचं जाऊ दे. मला सांग. उद्या चांगलं होईल ना?"

ताई, इथे तुला एक गोष्ट सांगायला हवी. ती मी तुला कधी लिहिली नाही. चार वर्षांपूर्वी माझी डोरिन्दा हॉस्पिटलमध्ये होती, तेव्हा शेवटच्या रविवारी तिला एक दिवस घरी यायचं होतं, सफरचंदाच्या झाडांखाली बसायचं होतं. डॉक्टर तयार होते. तिने मला विचारलं, "रविवारी हवा कशी आहे रे?" मी नकाशे बघून प्रामाणिकपणे सांगितलं, थंड पाऊस, ऐंशी टक्के. आम्ही तिला आणलं नाही. त्या रविवारी सकाळपासून सूर्यास्तापर्यंत लख्ख ऊन होतं. मंगळवारी ती गेली. एकतीस वर्षांत माझे अंदाज पुष्कळदा चुकले आहेत, पण तो एक अजून माझ्या छातीवर बसलेला आहे. सबेला त्याबद्दल मला एका शब्दाने बोलली नाही. कामापुरतं बोलायची, सणाला यायची, भांडी घासून जायची. चार वर्षांत तिने मला हवा कशी आहे असं एकदाही विचारलं नव्हतं.

आणि शुक्रवारी तिने विचारलं. मी म्हटलं, "पाऊस पडणार नाही."

ती माझ्याकडे बघतच राहिली. रेडिओ तिनेही ऐकला होता. पण मी तिला पटवलं (कसं ते विचारू नकोस). तिने मान हलवली, बाहेर जाऊन फोन केले, आणि परत येऊन म्हणाली, "फुकोला नको म्हणून सांगितलं." माझ्या तोंडचं पाणी पळालं. ताई, मी पाऊस पडणार नाही एवढंच म्हणालो होतो, मांडव नको असं मी म्हटलं नव्हतं! पण आता बोलणार कसा?

शनिवारी सकाळी मी गुपचूप फुकोकडे गेलो. म्हटलं, माझ्या नावावर एक मांडव दे, शेजारच्यांचा आहे असं सांगून उभा करू. फुको दात काढून हसला. "आता कुठला मांडव, लिसार्दोकाका? काल दुपारी तुम्हीच रेडिओवर बोंब ठोकलीत ना! अर्ध्या तासात सगळ्या जिल्ह्यातून फोन. शेवटचा तंबू तर एकाने आपल्या ट्रॅक्टरसाठी नेला." माझ्या अंदाजावर एवढा विश्वास लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा दाखवला, तोही त्याच दिवशी.

चर्चमध्ये सगळं छान झालं. सबेलाने आईचे कानातले घातले होते. बारा वाजून दहा मिनिटांनी आम्ही दाराबाहेर आलो आणि पहिला थेंब पाद्रीबाबांच्या चष्म्यावर पडला. कुरणात पोहोचेपर्यंत आभाळ फाटलं. ऑक्टोपसच्या लाकडी ताटल्या तरंगायला लागल्या, मासे भरलेल्या एम्पानाडांचा लगदा झाला, बॅगपाइपवाल्याने फुंकर मारली तर सुरांआधी पाणी बाहेर आलं. एकशेचाळीस माणसं पळाली. विहीणबाई मात्र मुख्य टेबलाशी बसून राहिल्या, ताठ, हातात चमचा, सूपमध्ये पाऊस पडतोय. "धुकं आहे," म्हणाल्या, "जाईल." दहा मिनिटं बसल्या. शेवटी ब्राईसने त्यांना खुर्चीसकट उचललं. त्याच्या खांद्यावरूनही त्या मला ओरडून सांगत होत्या, "तुमच्या तोंडामुळे आला हा! अंड्यांचा काही दोष नाही!"

लग्नाची मेजवानी गोठ्यात झाली. सहा गाई एका बाजूला, आम्ही दुसऱ्या बाजूला. उरलेलं मटण तिथेच गरम केलं, वाइन भिजलेली नव्हती, आणि मंडळी गवताच्या पेंढ्यांवर बसून अशी जेवली की मी आयुष्यात असं लग्न पाहिलं नाही. सबेला चिखलाने गुडघ्यापर्यंत माखली होती. तिने मला हात धरून नाचायला ओढलं. मला नाचता येत नाही, हे तुला माहीत आहे. आम्ही दोघं गोठ्याच्या मधोमध नुसते डुलत होतो, आणि ती माझ्या कोटावर डोकं ठेवून हसत होती. मी रडलो, ताई. पाण्याने सगळे भिजले होते, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

(सहा वाजता मी पाऊस मोजायला घरी जाऊन आलो. नवरीचा बाप असलो तरी मोजमापाची वेळ सहाची. अडतीस मिलिमीटर.)

तर असं लग्न झालं. तुला कळावं, एवढीच इच्छा. गुडघ्यांना जप, फरशीवर फार वेळ बसू नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
लिसार्दो

ता. क. शुक्रवारी सबेलाला मी कसं पटवलं ते आता सांगतो. मी म्हटलं, ओबदुलिया आत्याने निरोप पाठवलाय, तिने स्वतः प्रार्थना करून शब्द दिलाय, उद्या थेंबही पडणार नाही. आता ती नवऱ्याला घेऊन बुधवारी तुला भेटायला येणार आहे आणि शब्दाचं काय झालं ते विचारणार आहे. तेव्हा कृपा करून सांग की निरोप पाठवला होता, पण वरून ऐनवेळी निर्णय बदलला. तुमच्याकडे असं होत असेलच. मुलगी चार वर्षांनी माझ्याशी बोलतेय, ती माझ्या खोटेपणावरून पुन्हा गप्प व्हायला नको. पाप माझ्या माथी.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालत होतो, तेवढ्यात सबेलाचा फोन आला. मला वाटलं, कोट वाळला का ते विचारतेय. मी आपणहून म्हटलं, आत्याच्या शब्दाचं वाईट वाटून घेऊ नकोस. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "बाबा, मी शुक्रवारीच मठात फोन केला होता, आत्याचे आभार मानायला. दारावरच्या सिस्टर म्हणाल्या, ओबदुलिया सोमवारपासून मौनात आहे. कुणाशी एक अक्षर नाही, निरोप कुठला!" मी खुर्चीवर बसलो. म्हटलं, "अगं, मग मांडव नको का म्हणालीस?" ती म्हणाली, "तू आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी खोटं बोललास. त्याच्यावर ताडपत्री घालू?"

तेव्हा पहिला ता. क. रद्द समज. फोन ठेवताना तिने विचारलं, "बाबा, येत्या शनिवारी हवा कशी आहे? आम्ही दोघं तुझ्याकडे जेवायला यावं म्हणतोय, सफरचंदाच्या झाडांखाली." मी म्हटलं, चांगली असेल.

(नकाशे अजून पाहिलेले नाहीत.)