धरणात पाणी होतं

प्रिय ताई,

सीमा बंद झाल्यापासून टपालही बंद आहे, म्हणून हे पत्र मदतपथकाच्या डॉक्टरबाईंच्या हाती देतोय. आम्ही बरे आहोत. तुझी वहिनी सैनिकांसाठी स्वेटर विणते आणि माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते.

तुमच्याकडे काय सांगतात ठाऊक नाही. इथे सांगतात, तुमच्या सैनिकांनी आमचा झेंडा जाळला, म्हणून लढाई पेटली. झेंडा जळला हे खरं. पण त्याआधी अख्खा उन्हाळा तुमची नदी कोरडी होती, हा विषय कुणी काढत नाही. तू फोनवर म्हणाली होतीस, भाऊजींच्या रोपवाटिकेतली झाडं उभ्या उभ्या वाळली, विहिरीत नुसता गाळ उरलाय. मी म्हणालो, यंदा इकडेच पाऊस नाही गं. तू लगेच विश्वास ठेवलास. माझं खोटं तुला लहानपणापासून कधी पकडताच आलं नाही.

ताई, धरणाचे दरवाजे माझ्या हुकमाने बंद झाले. नव्या कारखान्यांना पाणी हवं होतं, त्यात निवडणूक तोंडावर. साहेब म्हणाले, थोडे दिवस धरून ठेव. मी मान डोलावली. बढती हवी होती, दुसरं काय. मग तुमची माणसं दरवाजे उघडायला आली, त्यांच्यामागे फौज आली, आणि दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना बोलायला आयताच झेंडा सापडला. पाण्याचं नाव मागे पडलं. मलाही ते सोयीचंच होतं.

परवा इथल्या इस्पितळात रक्त द्यायला गेलो होतो. जखमी कैद्यांच्या खोलीतून कुणीतरी "मामा" म्हणून हाक मारली. आपला ढब्ब्या. इतका वाळलाय की मी आधी ओळखलंच नाही. तो जिवंत आहे, ताई. उजवा पाय मात्र गुडघ्याखाली काढावा लागला.

मी जवळ बसलो तेव्हा त्याने माझा हात धरून हळूच विचारलं, "मामा, धरणात पाणी होतं का?"

"होतं," मी म्हणालो. "काठोकाठ होतं."

त्याने माझा हात सोडला नाही. सोडला असता तर बरं झालं असतं. पुढच्या आठवड्यात कैद्यांची अदलाबदल आहे, तो घरी येईल. तो तुला यातलं काही सांगणार नाही. मी निघालो तेव्हा मला म्हणाला, "आईला कळू देऊ नकोस. तिला एकच भाऊ आहे." त्याने आयुष्यभर हे पोटात ठेवून तुझ्यासमोर कुबडी टेकत फिरावं, एवढं मात्र मला सोसणार नाही. म्हणून लिहिलं.

तुझाच म्हणवायला आता कचरणारा,
धाकटा