समक्ष ऐकून घेतले

१९ जानेवारी २००६, दिग्रस

विमलताईंकडे हळदीकुंकू. दारातच त्यांनी हाक मारली, "या, आमच्या स्त्रीवादी आल्या!" सगळ्या हसल्या. मी म्हटलं, आहेच मुळी. या गावात स्वतःला तसं म्हणवून घेणारी मी एकटीच. बाकीच्यांना तो शब्द शिवीसारखा वाटतो. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

मग विमलताईंनी आतल्या खोलीत नेलं. त्यांच्या कापसाच्या जिनिंगमध्ये बायांच्या तक्रारींसाठी समिती लागते, त्यात बाहेरची एक बाई हवी. तुझ्याशिवाय कोण आहे गावात, म्हणाल्या. कामावरच्या एका बाईची तक्रार निकाली काढायची होती, तो कागद टाइप करून तयारच होता. बाहेर तिळगूळ वाटणं चाललं होतं, मला हाका येत होत्या. केली सही. वाण म्हणून स्टीलचा डबा मिळाला.

घरी नवऱ्यानं, अवधूतनं विचारलं, वाचलं तरी होतं का? म्हटलं, तुझं तहसील कचेरीतलं डोकं कचेरीतच ठेव.

२८ जानेवारी

नेरच्या कॉलेजचं पत्र. आठ मार्चला भाषण. विषय मीच कळवला — स्त्रीवाद कोणाचा? छान आहे.

६ फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाही. पण लिहिते.

दुपारी तास संपवून कॉलेजच्या फाटकाशी आले तर एक बाई उभी. पंचविशीची असेल, डोक्यावरून ओढणी. मलाच विचारलं, गौरी मॅडम कोणत्या? त्यायले भेटाचं आहे. नाव शमा, जिनिंगमध्ये कामाला होती. तिनं पिशवीतून एक झेरॉक्स काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'अर्जदार महिलेचे म्हणणे समक्ष ऐकून घेतले. तक्रारीत तथ्य आढळले नाही.'

"मले तं कोणी बोलावलंच नाही, मॅडम. मंग आयकलं कोणाचं?"

रामधन मुकादम टोपली उचलून देताना अंगावरून हात फिरवतो, ही तिची तक्रार. या कागदावरूनच तिचं काम गेलं. आणि ओळीखाली माझी सही! ती लांब शेपटीची, मला फार आवडते ती.

मी काय केलं? मी म्हटलं, गौरी मॅडम आज आल्या नाहीत.

असं म्हणाले. शांतपणे. ती बरं म्हणाली आणि उन्हात स्टँडकडे चालत गेली.

७ फेब्रुवारी

कॉलेजला गेले नाही. डोकं दुखतं म्हणून कळवलं. दुखत नव्हतं.

१५ फेब्रुवारी

विमलताईंना फोन केला. मनात दहादा घोकलेलं, पण तोंडातून निघालं ते अगदीच मिळमिळीत — ताई, त्या बाईचं ऐकून घ्यायला हवं होतं का हो? त्या म्हणाल्या, अगं, यंदा कापसाला भाव नाही, गाड्या येत नाहीत, जिनिंग कधी बंद पडेल सांगता येत नाही, आणि तू हे काय घेऊन बसलीस? त्या लोकांत हे असंच चालतं.

त्या लोकांत! मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण सही करताना माझ्याही मनात तेच असणार. आमच्या स्टाफरूममधल्या सुहासिनीची तक्रार असती, तर मी तिला न विचारता सही केली असती? मेले असते तरी केली नसती. शमा मला बाई वाटलीच नाही. जिनिंगमधली कोणीतरी वाटली. एवढी पुस्तकं वाचून ही अक्कल. लाज वाटते, गौरी.

अवधूतला अजून सांगितलेलं नाही.

८ मार्च

नेरला जाऊन आले. भाषण चांगलं झालं. तेच तर वाईट झालं. स्त्रीवाद म्हणजे आधी दुसरीचं ऐकणं, असं म्हणाले आणि टाळ्या पडल्या. एका मुलीनं विचारलं, मॅडम, स्त्रीवादी म्हटलं की लोक हसत नाहीत का? मी ऐटीत म्हटलं, हसू दे. आपला शब्द आपण कायले सोडायचा?

परतीच्या एसटीत तोंडावर पदर घेऊन बसले. शेजारच्या बाईला वाटलं मळमळतं आहे. तिनं खिडकीची जागा दिली.

१० मार्च

पेपरात माझा फोटो. अवधूतनं कापून ठेवला.

११ मार्च

शमा घरी आली. हातात तोच पेपर.

"त्या दिवशी तुमीच होत्या नं?"

हो म्हटलं. अवधूत पेपर वाचत बसला होता, त्याच्यादेखत सगळं सांगितलं. न वाचता केलेली सही, फाटकाशी बोललेलं खोटं, सगळं. माफी मागितली. रडलेही.  ती म्हणाली, "माफीचं मी काय करू? माह्या जागेवर नवी पोरगी लागली. रामधन तिलेबी टोपली उचलून देते."



जिनिंग बंद व्हायच्या आत यवतमाळला कलेक्टरकडे दुसरा अर्ज गेला पाहिजे, म्हणाली. ती उर्दू शाळेत शिकलेली. मराठी वाचते, पण लिहिणं जमत नाही. तेव्हा अर्ज मी लिहून द्यायचा. जाताना पेपरातल्या 'स्त्रीवादी' या शब्दावर बोट ठेवून विचारलं, "यात आमी बसतो का?" बसता, म्हटलं. "मंग मलेबी तेच म्हणा," म्हणाली. हसली नाही.

ती गेल्यावर अवधूतनं चहा करून आणून दिला. 

१२ मार्च

सकाळी शमा परत आली, अर्ज लिहिला. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. दोघांच्या विरुद्ध तक्रार आहे, लिवा, म्हणाली. एक, रामधन मुकादम. लिहिलं. दोन, न आयकता सही करणाऱ्या मॅडम.

तिनं माझं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं, आणि लिहिलं.