उजवीकडे वळलेली बाई

९ जानेवारी

कापसाच्या जुन्या गोदामाच्या भिंतीवर पुन्हा चित्र. दूध आणायला गेलो तेव्हा रंग ओला होता. तीच बाई — डोक्यावर गाठोडं, तोंड डावीकडे, स्टेशनाच्या अंगाला. महिन्यातलं हे तिसरं. काढणारा कोण, अख्ख्या मलकापुरात कोणाला ठाऊक नाही. उभ्या उभ्या तिसरीच्या पुस्तकातली कविता आठवली, नदीवर निघालेल्या मुलीची. चाल सगळी आठवते, शब्द निसटले.

शेखर म्हणाला, "माह्या दुकानाच्या शटरवर काढू दे, बोटंच मोडतो त्याचे." माझाच मुलगा. कवितेच्या तासाला हा काय करत होता कोण जाणे.

११ जानेवारी

ठरलं. ती बाई गोधडीवर उतरवायची, माझ्या बायकोच्या, पुष्पाच्या साड्यांतून. अठरा फेब्रुवारीला तिचं वर्षश्राद्ध — त्या दिवशी फोटोखाली अंथरायची.

कापणं माझं, पन्नास वर्षं शिंपीकाम केलंय. टाके खुर्शीदाभाभींचे. शेजारच्याच. पुष्पानं आणि त्यांनी मिळून गल्लीतल्या निम्म्या घरांच्या गोधड्या शिवल्या. बसल्या बसल्या म्हणाल्या, "कैची नका लावू भाऊ. हातानं फाडा. पुष्पा हातानंच फाडे." ऐकलं नाही.

१४ जानेवारी

मोठी चूक. कागदाचा खाका कापडाच्या उलट्या बाजूला ठेवून खडू फिरवला — सदरे-विजारींची सवय. कापून सुलट केलं तर बाई उजवीकडे पाहते! जांभळ्या फुलांची ती साडी एकच होती. आता दुसरी कुठून आणू?

भाभी हसून हसून बेजार. "राहू द्या. गेली होती स्टेशनावर, आता घरी येऊन राह्यली म्हणा." अर्पितानं, सूनबाईनं, वाकून बराच वेळ पाहिलं. ती हसली नाही. दोघींना बजावलं, बाहेर बोलू नका. शिंप्याची लाज आहे ही.

२२ जानेवारी

मुलींच्या शाळेमागे नवं चित्र. बाई उजवीकडे पाहते.

२३ जानेवारी

गोधडी घराबाहेर गेलेली नाही. शेखरला ती उघडून बघायची फुरसत नाही. म्हणजे पाहिली तिघांनीच — मी, अर्पिता, भाभी. अर्पिता घरची. पहाटे फिरायला जाते तेवढीच, बाकी दिवसभर घरात. राहिल्या भाभी. त्यांची नात सफा चित्रकलेच्या परीक्षेला बसली होती. आणि भाभी शिवता शिवता मोबाइल गोधडीवर धरतात. काऊन, विचारलं तर म्हणे, "उजेड पाडून राह्यली." भरदुपारी उजेड!

२६ जानेवारी

भाभी चहा टाकायला आत गेल्या तेव्हा त्यांची पिशवी चाचपली. सुया, दोऱ्याची रिळं, अडकित्ता. काही सापडलं नाही. तेच जास्त खटकलं.

२८ जानेवारी

आज विचारलंच. "पुष्पाची गोधडी कोणाले दाखवता तुम्ही?"

सुई थांबली. अर्पिता दारात कपडे घेऊन उभी होती. भाभींनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हाव भाऊ. मीच दाखवली."

कोणाला, ते सांगेनात. सुई टाक्यातच ठेवून निघून गेल्या. मला वाटलं, पकडलं.

४ फेब्रुवारी

एकट्यानं टाके घालतोय. माझा हात मशीनचा. धावदोरा सरळ येत नाही, कापड गोळा होतं. पुष्पा आणि भाभी दोन टोकांना बसायच्या आणि बोलत बोलत मधे येऊन भेटायच्या. त्या बोलण्याला एक चाल होती. आता घर फार शांत झालंय.

८ फेब्रुवारी

बाईच्या डोक्यावरच्या गाठोड्याला हळदी कापडाची गाठ लावली. मूळ चित्रात ती नाही. माझ्याच मनानं लावली.

९ फेब्रुवारी

पुलाखालच्या भिंतीवर चित्र. गाठोड्याला हळदी गाठ.

भाभींनी बारा दिवस आमच्या घरात पाऊल टाकलेलं नाही.

१० फेब्रुवारी

अर्पितानं चहा दिला. नखांत पिवळा रंग. मी पाहिलं, मी पाहतोय हे तिनंही पाहिलं.

कप तसाच ठेवून भाभींकडे गेलो. दारातूनच विचारलं, खोटं काऊन बोललात?

"खरं बोलली असती तं शेखरनं तिचं भाईर जाणं बंद केलं असतं. माह्यं काय जाते भाऊ? मले तं तुमीच बंद केलं."

बसा म्हणाल्या नाहीत. दारही लावलं नाही.