एकोणसाठ कुलपं

२१ जुलै, सोमवार

चालली! चार दिवसांनी चालली.

आणि दोष माझा नव्हताच — निदान या वेळी नव्हता. वसतिगृहाच्या साइटवाल्यांनी शुक्रवारपासून पहिल्या पानावर एक चौकट टाकली आहे: मराठी की इंग्रजी? उत्तर दिल्याशिवाय मागचं काही हलत नाही. माणसाला ती लगेच दिसते. माझ्या स्क्रिप्टला — कॉम्प्युटरने आपोआप करायच्या कामांची मी लिहून दिलेली ती यादी — दिसत नव्हती. ती बिचारी चौकटीमागच्या रकान्यात नाव लिहायला जायची आणि 'रकाना सापडला नाही' म्हणून थांबायची. मी चार दिवस रकान्याचं नाव तपासत बसले. आज तिला एकेक पाऊल हळूहळू टाकायला लावलं आणि शेजारी बसून नुसती बघत राहिले — तेव्हा चौकट दिसली. तीन ओळी वाढवल्या. झालं.

आमचे क्लार्क सुनीलभाऊ ऑफिसातून डोकावले. "काय मॅडम, आला का तुमचा गडी कामावर? चार दिस खाडा केला त्यानं!"

गडी नाही, हजेरी. स्क्रिप्टचं नाव मी हजेरी ठेवलंय. रोज सकाळी दहाला जुन्नरच्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवर ती आपोआप सुरू होते. यंदा बारावी झालेल्या आपल्या एकोणसाठ मुलींनी पुण्याच्या वसतिगृहासाठी अर्ज केलेत. त्या प्रत्येकीच्या खात्यात हजेरी शिरते, अर्जावर 'त्रुटी' असा शेरा पडलाय का बघते आणि मला यादी देते. हाताने हेच करायला मला अख्खा दिवस लागायचा. आता अर्धा तास. गणितात बी.एस्सी. करून वीस वर्षं पुस्तकांवर शिक्के मारले. चव्वेचाळिसाव्या वर्षी मोबाइलवरचे धडे बघून हे शिकले. थोडी ऐट केली तर काय बिघडलं? इथे तरी करते.

२२ जुलै, मंगळवार

अठ्ठावन्न हिरवे, एक लाल. सदतीस नंबर — हर्षाली. लॉगिन अयशस्वी.

नेट हळू असणार. उद्यापासून एकदा नाही जमलं तर तीनदा प्रयत्न करायचा, असं लिहून ठेवलं. चार ओळींचं काम, पण नीटनेटकं झालं. वाचून स्वतःलाच बरं वाटलं.

२३ जुलै, बुधवार

पुन्हा अठ्ठावन्न आणि एक. तिन्ही प्रयत्न फुकट.

पानाला उघडायला वेळ लागत असेल म्हणून थांबण्याची वेळ पाच सेकंदांवरून पंधरा केली. हर्षालीच्या नावापुढे चुकून मोकळी जागा पडली असेल म्हणून यादी तपासली. नाही पडली. पासवर्ड? तो चुकेल कसा! जूनमध्ये सगळ्यांची खाती मीच उघडून दिली, पासवर्डही मीच ठरवले — जुन्नर, आणि पुढे प्रत्येकीच्या ग्रंथालयाच्या कार्डाचा नंबर. परवानगीच्या चिठ्ठ्या घेतल्यात सगळ्यांच्या सहीनिशी. तरी एकोणसाठ जणींच्या किल्ल्या एका कागदावर असाव्यात का, हे मनात येतंच. पण मुलींनाही तेच सोयीचं आहे. कुणालाही विचारा — "पासवर्ड मॅडमकडं हाय."

२४ जुलै, गुरुवार

तेच.

हर्षालीला फोन केला, लागला नाही. दुपारपर्यंत ती आईबरोबर नारायणगावला टोमॅटोच्या मार्केटात निवडायला जाते, तिथे गोंगाटात कुणाला फोन ऐकू येणार. सत्त्याऐंशी टक्के आहेत तिला. पुण्याला रसायनशास्त्राला प्रवेश मिळालाय. पण वडलांनी स्पष्ट सांगितलंय: वसतिगृह मिळालं तर पुणं, न्हाईतर घरी बस. खोली घेऊन ठेवणार न्हाई एकट्या पोरीला.

आणि माझी हजेरी नेमकी तिच्यापाशीच अडते!

२५ जुलै, शुक्रवार

सावकाश लिहायचं. जसं झालं तसं.

सकाळी दहाला हजेरी चालली, सदतीस लाल. एक वाजता हर्षाली आणि तिची आई कोंडाबाई थेट मार्केटातून ग्रंथालयात आल्या. कोंडाबाईंच्या बोटांना टोमॅटोचा हिरवा रंग तसाच.

"मॅडम, सरकारनं हिचं खातं बंद क्येलं," कोंडाबाई म्हणाल्या. "काय गुन्हा केला व्हता का पोरीनं?"

हर्षालीने मोबाइल पुढे केला. बुधवारी आलेला मेसेज: अर्जात त्रुटी. गुणपत्रिका अस्पष्ट. शनिवारी सायंकाळी पाचपर्यंत दुरुस्त करावी, अन्यथा अर्ज रद्द. बुधवारी दुपारी घरी जाऊन तिने खातं उघडायला घेतलं — बंद. गुरुवारी दुपारी — बंद. मदतीचा म्हणून दिलेला फोन कुणी उचलत नाही.

मी म्हटलं, "बघू या." सव्वा वाजता हजेरी फक्त सदतीस नंबरवर चालवली. आणि यश नाही मिळालं तर त्या क्षणी पडद्यावर काय दिसतं त्याचा फोटो काढून ठेव, असं स्क्रिप्टला सांगितलं. हे मी मंगळवारीच करायला हवं होतं! तीन दिवस तिने फक्त एवढंच बघितलं की 'बाहेर पडा'चं बटण, म्हणजे आत शिरल्याची खूण, दिसते का. नाही दिसलं की पुन्हा दार ठोकायचं. समोर लाल अक्षरांत काय लिहिलंय ते वाचायला तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

फोटो उघडला. "सलग तीन चुकीचे प्रयत्न. खाते चोवीस तास बंद. दरम्यान पुन्हा प्रयत्न केल्यास चोवीस तास नव्याने मोजले जातील."

तीन. रोज दहाला, तीन!

कुलूप सरकारने घातलं नव्हतं. मी घातलं होतं. मंगळवारच्या त्या नीटनेटक्या चार ओळींनी. आणि हा फोटो काढायला आता जो प्रयत्न केला, त्याने चोवीस तास पुन्हा सुरू झाले. म्हणजे शनिवारी सव्वा वाजेपर्यंत काही करता येणार नाही. पाचला मुदत संपते.

मी त्या दोघींना सांगितलं. सगळं. खाली मान घालून. साइट खराब आहे असं सहज म्हणता आलं असतं — ते मनात आलंही, खोटं कशाला लिहू. कोंडाबाईंना किती कळलं माहीत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हंजी तुमच्या मशिननंच क्येलं व्हय! मंग सुटंल. सरकारचं सुटत नसतंय."

पण पासवर्ड चुकीचा का? तो तर मीच दिलेला.

हर्षाली खाली बघत म्हणाली, "मॅडम, मी बदललाय."

"कधी?"

"सोमवारी रात्री. तुम्हीच जानेवारीत सांगितलं होतं ना — इथंच, या टेबलाशेजारी उभं राहून. पासवर्ड कुणालाच सांगायचा नाय. आई-बापालाबी नाय. मग मला वाटलं, तुम्हाला तरी कसा चालंल?"

"मग मला सांगायचं ना बदललाय म्हणून!"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

ऑनलाइन सुरक्षिततेवरचं माझं भाषण. दोनशे मुलं बसली होती. अर्ध्या तासाने सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि जूनमध्ये त्यांच्यातल्या एकोणसाठ जणींनी मी दिलेला पासवर्ड मुकाट्याने घेतला. मीही दिला! मी माझंच भाषण ऐकलं नव्हतं. ऐकणारी एकच निघाली, आणि तिलाच मी तीन दिवस दाराबाहेर उभं केलं.

२६ जुलै, शनिवार

आठलाच जुन्नरला पोचले. हजेरीची दहाची वेळ काल बंद केली होती. तरी मन मानेना. कॉम्प्युटरची वायरच काढून पिशवीत ठेवली. सुनीलभाऊ बघत होते. "गड्याला बांधून घातला का काय, मॅडम?" आज हसू आलं नाही.

हर्षाली आणि कोंडाबाई अकराच्या एसटीने आल्या. गुणपत्रिका ऑफिसच्या यंत्रावर नव्याने स्कॅन करून घेतली, पुन्हा पुन्हा मोठी करून बघितली. मग नुसतं बसून राहायचं. सव्वा वाजला. मी म्हटलं, दीड होऊ दे. एक वीसला कोंडाबाई, "व्हा की आता म्होरं." मी म्हटलं, नाही, दीड. साइटचं घड्याळ दोन मिनिटं मागे असलं तर? परत चोवीस तास!

दीड वाजता वायर परत जोडून कॉम्प्युटर सुरू केला आणि हर्षाली माझ्या खुर्चीवर बसली. मी उठून खिडकीकडे तोंड केलं. बाहेर एसटी स्टँडकडे जाणारी माणसं दिसत होती. पाठीमागे कळांचा आवाज, एकेका बोटाने, सावकाश. मग काहीच आवाज नाही.

"उघडलं."

एक पंचेचाळीसला गुणपत्रिका चढली. 'दुरुस्ती प्राप्त.' पावतीची छपाई काढली, दोन प्रती.

कोंडाबाई पावती घडी घालताना म्हणाल्या, "लई आगाऊ हाय ओ ही. त्यो पासवर्ड मला बी सांगत न्हाई!" तक्रार करत होत्या, पण चेहरा बघायला हवा होता. माझाही तसाच दिसत असावा.

२७ जुलै, रविवार

मिस्टरांना सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "अगं, माझे सगळे पासवर्ड नारायणगावच्या ज्ञानेश्वरकडं आहेत. सायबर कॅफेच त्याचा. मला एकबी माहीत नाय. मस्त चाललंय."

तीन प्रयत्नांची ओळ खोडली. एकच प्रयत्न, आणि लाल अक्षरं आधी वाचायची — एवढं हजेरीला शिकवलं. स्क्रिप्ट आता खरोखर चांगली झाली. आणि आता वाटतंय, तिची गरजच पडू नये.

लोभ सुटत नाही, हेही खरं. एकोणसाठ हिरव्या ओळी एकाखाली एक उतरताना बघण्याचं सुख माझं होतं. मुलींच्या सोयीचं नाव देत होते त्याला.

२८ जुलै, सोमवार

सगळ्यांना बोलावलं. एकोणचाळीस आल्या, उरलेल्यांना फोन. सांगितलं: पासवर्ड स्वतः बदला, मला सांगू नका. त्रुटीचा मेसेज कसा वाचायचा ते दाखवलं. शनिवारी जुना पासवर्ड घालून मी प्रत्येकीच्या दाराची कडी एकदाच हलवून बघणार. जिचं उघडेल तिला रागावणार. त्यानंतर माझी यादी कायमची पुसणार. चालेल का विचारलं. चालेल म्हणाल्या.

एक जण म्हणाली, "मॅडम, मी इसरले तर?"

"तर 'पासवर्ड विसरलात का' हे बटण दाबायचं. ते माझ्यासाठी नाही ठेवलेलं, तुझ्यासाठी ठेवलंय."

सुनीलभाऊंच्या मुलीचा, आरतीचाही अर्ज आहे. ते म्हणाले, "आमचा ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं, राव. घरचंच हाय की."

नाही म्हटलं.

३१ जुलै, गुरुवार

आरतीने अजून बदललेला नाही. सुनीलभाऊ मला टाळतायत.

२ ऑगस्ट, शनिवार

वसतिगृहाची निवड यादी आज लागली. ती ज्याच्या त्याच्या खात्यातच दिसते.

दहाला हजेरी शेवटची चालवली. एकेकच प्रयत्न. आरतीसकट एकोणसाठपैकी एकोणसाठ लाल. शंका नको म्हणून माझं स्वतःचं चाचणीचं खातं साठावं ठेवलं होतं — ते झटकन उघडलं. म्हणजे साइट ठीक, नेट ठीक, स्क्रिप्ट ठीक.

यादी पुसली. कुणाचा नंबर लागला ते बघायचा मला कुठलाच मार्ग उरला नाही. नुसती फोनकडे बघत बसले.

अकरा वाजून दहा मिनिटांनी वाजला. मागे मार्केटचा गलका.

"मॅडम, लागला! तुमच्या आधी मी बघितलं!"