तीनदा विचारायची रीत

३ फेब्रुवारी १९६२
आठ खोल्यांच्या चादरी धुतल्या. खाणीवरचे लोक कितीही अंघोळ करून आले तरी उशीवर कोळसा उतरतोच. कंबर मोडली. मालकीणबाई फ्राउ लेमान जिन्यात यांना म्हणाल्या, "ईस्टरनंतर मी हॅम्बर्गला बहिणीकडे राहायला जाणार. हे गास्टहाउस, खोल्या-खाणावळ सगळं, तुम्हीच चालवायला घ्या." पाच वर्षं राबलो त्याचं चीज झालं! आणि हे काय म्हणाले? जर्मनमध्ये चक्क नको: "नाइन, नाइन, आम्हांला कुठलं जमायला!"

४ फेब्रु.
सकाळी विचारलं, अहो, असं का बोललात? म्हणे, "पहिल्याच फटक्यात हो म्हणायचं? हावरटासारखं? विचारतील की परत." इंग्रजांच्या राज्यात कोलारच्या सोन्याच्या खाणीवर मामंजींचं हॉटेल होतं. तिथली शिस्त: तीनदा आग्रह करायचा, आणि कुणी काही देऊ केलं तर तिसऱ्यांदा घ्यायचं. कोलार राहिलं तिकडे, शिस्त आली बरोबर.

९ फेब्रु.
नाही विचारलं परत. सूप, ब्रेड, आठ डबे. पाय सुजलेत.

१२ फेब्रु.
नलू शाळेतून आली ती रडवेली. फ्राउ लेमाननी तिला मायेने विचारलं म्हणे, ईस्टरनंतर नवी शाळा कुठली? म्हणजे गास्टहाउस चालवायला बाईंच्या पुतण्याला बोलावणं गेलं. तो आला की आम्ही बाहेर. नऊ वर्षांच्या पोरीकडून कळावं! आणि हे अजून दुसऱ्या आग्रहाची वाट बघतायत. कपाळ माझं. मी खूप चिडले, मग रडले.

१३ फेब्रु.
मीच वर गेले. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, आम्हांला हवंय. बाई चकित. "पण तुमचे मिस्टर नाही म्हणाले ना?" बाईंचं तरी काय चुकलं? पुतण्याचं उत्तर अजून आलेलं नाही. "उद्या आठला त्यांना पाठवा. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."
जेवताना नलूने यांच्याकडून जर्मनमध्ये होकार घोकून घेतला. एकदाच म्हणायचं, पापा. लगेच म्हणायचं. हे मान डोलवत होते. गरीब गाईसारखे.

१४ फेब्रु.
हे आठला कोट घालून वर गेले. मी जिन्याखाली, हातात ओली चादर. दार उघडंच होतं.
"बसा. कॉफी घेणार?"
"नाइन, नाइन, उगीच कशाला तुम्हांला त्रास..."
एकच कप वाजला, बाईंचा. मग दार लागलं. पाऊण तास झाला, हे अजून खाली उतरले नाहीत.